खाली काय घातलं होतं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या नातीनं दोन ससे घरी आणले. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, पिंजऱ्यात जन्मलेले पाळीव ससे. (रानातला ससा पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.) महाडात त्या दिवसांत हवा अशी असते की भिंतीला पाठ टेकली तरी सदरा दमट व्हावा. सशांना खाली काहीतरी कोरडं, मऊ घालायला हवं, असं घरात ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. गल्लीच्या टोकाला सुतारकाम चालतं. तिथून मी भुशाचं पोतं उचलून आणलं. ताजा, तांबूस, हाताला उबदार लागणारा भुसा. पोत्याचं तोंड सोडलं आणि सागाचा वास पडवीभर झाला. मी कवी माणूस, वासावर भुललो. सशांना महालात ठेवल्यासारखं वाटलं मला.

चौथ्या दिवशी एक ससा शिंकू लागला. मग दोघांचेही डोळे पाणावले, पुढच्या पायांचे केस नाक पुसून पुसून चिकट झाले. आठव्या दिवशी सकाळी एक ससा गेला. दुसऱ्याला टोपलीत घालून नात आणि मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी काय खायला देता, हे विचारलंच नाही. त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘‘चाचा, खाली काय घातलं होतं?’’

‘‘भुसा.’’

‘‘कशाचा?’’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. साग होता हे खरं. पण त्याच यंत्रावर प्लायवूड कापलं जात होतं, जुन्या दारांचं पॉलिश खरवडलं जात होतं. सगळं एकाच पोत्यात. ‘‘ससा कशानं मेला हे चिरफाड केल्याशिवाय मी सांगणार नाही,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘पण घरी गेल्यावर आधी तो भुसा काढा.’’

आपण जनावरासाठी पिंजरा पाहतो, खाणं पाहतो, औषध पाहतो. अंथरुणाचा विचार सगळ्यात शेवटी. माणूस दिवसातले सात-आठ तास अंथरुणावर असतो. पिंजऱ्यातला प्राणी चोवीस तास. तो त्याच्यावर झोपतो, चालतो, मुततो, त्यातलंच थोडं खातो आणि त्याचं नाक जमिनीपासून फार तर दोन बोटं वर असतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपण म्हणतो खरं, पण या जिवांना अंथरूण पाहायची सोयच नसते. ते आपण पाहायचं.

सशाचं तर आणखी एक आहे. तो जवळजवळ पूर्णपणे नाकानंच श्वास घेतो. सर्दी झाली की आपण तोंड उघडतो. त्याला ते साधत नाही. त्याचं नाक चोंदलं की त्याचा जीवच कोंडला. आणि भुसा म्हणजे करवतीखाली पडलेली धूळच. रंधा मारताना निघणारे पातळ, गुंडाळलेले छिलके वेगळे आणि भुसा वेगळा. छिलके धूळ कमी करतात. मी आणला होता तो भुसा.

धुळीची गोष्ट समजायला सोपी. वासाची समजायला मला वेळ लागला. लाकडाला वास येतो तो त्यातल्या उडून जाणाऱ्या द्रव्यांमुळे. झाडानं ती आपल्याला खूश करायला तयार केलेली नसतात. कीड, बुरशी, वाळवी यांना दूर ठेवण्याचं ते झाडाचं शस्त्र असतं. म्हणून तर आपल्याकडे चांगल्या दारांना साग लागतो. सागाचा भुसा अंगावर उडून कातडी खाजणारे, पुरळ उठणारे सुतार आपण पाहिलेले असतात. शिसवीचंही तसंच. आणि सह्याद्रीतला लाकूडतोड्या बिब्ब्याच्या झाडाला हात लावायला का कचरतो, हे पोलादपूरच्या कोणत्याही वाडीत विचारा. चिकानं अंगावर फोड उठतात. मोठ्या माणसाच्या राठ कातड्याची ही गत, तर चार महिन्यांच्या सशाची काय?

याबद्दल एक जुनं संशोधन मला फार बोलकं वाटतं. अमेरिकेत १९६७ साली एलियट वेसेल नावाच्या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. प्रयोगशाळेतल्या उंदरांना गुंगीचं औषध दिलं की ते ठरावीक वेळ झोपतात. पण वेसेल यांचे उंदीर वेळेआधीच जागे होऊ लागले. औषध तेच, उंदीर तेच. बदललं होतं ते अंथरूण. तांबड्या सीडरच्या आणि पाइनच्या छिलक्यांवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली औषध पचवणारी द्रव्यं वाढली होती. यकृत सतत काहीतरी निस्तरत होतं. बीच, बर्च, मेपल अशा वास नसलेल्या कठीण लाकडांवर ठेवल्यावर तो परिणाम दिसेना. तांबडं सीडर म्हणजे पूर्वीच्या विलायती पेन्सिलीचं लाकूड. शाळेत पेन्सिलीला टोक काढताना आपण तो वास नाकाशी धरून बसायचो. त्याच वासानं उंदराच्या यकृताला ओव्हरटाइम करावा लागत होता. देवदार हा सीडरच्या खऱ्या कुळातला, चीड म्हणजे आपल्याकडचा पाइन. तेव्हा देवदाराचा आणि ताज्या चिडाचा भुसा लहान प्राण्यांखाली नको, हे मी आता डोळे मिटून सांगतो.

चीड महाडात कुठून येणार, असं कुणी म्हणेल. खोक्यांतून येतो. आमच्याकडे औद्योगिक वसाहत आहे, बहुतेक रसायनांची. तिथे यंत्रं आणि माल पाइनच्या लाकडी खोक्यांत, फळ्यांच्या चौकटींवर येतो आणि ते लाकूड पुढे चुलीत, खुराड्यात, पिंजऱ्यात जातं. परदेशातून आलेल्या अशा फळीवर एक शिक्का असतो. त्यावर ‘एचटी’ असेल तर लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. शिवाय त्या फळीवर वाटेत काय सांडलं होतं, ते कोणताच शिक्का सांगत नाही. रसायनाच्या रिकाम्या गोण्यांचंही तेच. धुतल्या की झाल्या, असं आपल्याला वाटतं. कोंबडीच्या पिल्लांखाली तर ती गोणी कधीच घालू नये.

मग घालावं काय? आपल्या भागात भात पिकतो, त्यामुळे पहिली आठवण तुसाची होते. गिरणीवर भात भरडलं की तुसाचे ढीग पडतात. पोल्ट्रीवाले तो दोन-तीन इंच जाड पसरतात. तूस ओल फारशी शोषून घेत नाही, पण हलवला की चटकन सुकतो. म्हणूनच पावसाळ्यात पोल्ट्रीवाला रोज फावड्यानं तो खालीवर करतो. ज्या दिवशी तो आळस करतो त्या दिवशी वर पापडी धरते आणि खाली अमोनिया तयार होतो. फार ओला झालेल्या तुसात चुना मिसळतात. मात्र चुना मिसळल्या मिसळल्या वास आधी वाढतो, म्हणून त्या वेळी वारा खेळता हवा. एका दिवसाच्या पिल्लांना तूस आणि दाणा यांत फरक कळत नाही, ती तूस टिपतात. म्हणून पहिले काही दिवस तुसावर कागद अंथरायचा. तोही चकचकीत नको. त्यावरून पिल्लांचे पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात आणि ती जन्माची अधू होतात.

कोंबडीला चालणारा तूस सशाला किंवा उंदराला मात्र तितकासा बरा नाही. त्याची टोकं टोचतात, धूळ डोळ्यांत जाते. सशाला वाळलेलं चांगलं गवत हवं. तो अंथरूण खातो, त्यामुळे त्याला खाता येईल तेच अंथरावं. खाली कागद, वर गवत. कागदावर मूत टिपलं जातं आणि ओला थर उचलून फेकता येतो. छापील वर्तमानपत्र चालतं, फक्त शाईनं पांढऱ्या सशाचं पोट राखाडी होतं. माझ्या कविता ज्या पुरवण्यांत छापून आल्या, त्यांपैकी काहींचा असा सदुपयोग माझ्या नातीनं माझ्यासमोर केला आहे. संपादकांनी क्षमा करावी.

कापूस नको. हॅमस्टर किंवा पांढरे उंदीर आणले की घरातल्या आजीला त्यांच्यासाठी गादी करावीशी वाटते. माया समजते. पण कापसाचे, लोकरीचे, गोणपाटाचे लांब धागे उंदराच्या सुईएवढ्या पायाला गुंडाळतात, रक्त थांबतं आणि पाय सडतो. पोटात गेले तर आतडं अडतं. त्यापेक्षा वास नसलेला साधा कागद फाडून द्यावा. उंदीर त्याचं घरटं स्वतः करतो, आणि ते आपल्यापेक्षा चांगलं करतो.

पेंढ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आम्ही महाडकरांनी धडा घेतला आहे. २०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती. ईदचा बोकड चार-पाच दिवस आधी घरी आणतात. ऐन पावसात पडवीतल्या गुळगुळीत फरशीवर तो घसरतो, ओल्यात बसायला तयार होत नाही. बकऱ्याच्या जातीला ओलं मुळीच खपत नाही. आम्ही त्याच्याखाली फळ्या आणि वर पेंढा टाकतो. त्या वर्षीही टाकला होता. ईद झाली, आणि दुसऱ्याच दिवशी, २२ तारखेला, महाड पाण्याखाली होतं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दुःखाशेजारी पेंढ्याची गोष्ट ठेवायला मला आजही संकोच वाटतो. पण पाणी उतरल्यावर जी गुरं, शेळ्या, कोंबड्या वाचल्या होत्या, त्यांना कशावर उभं करायचं, हा प्रश्न त्या चिखलात खराच होता.

उडव्या भिजल्या होत्या. लोकांनी पेंढा रस्त्यावर पसरून वाळवला. वरून पिवळा, खडखडीत दिसायचा. आत हात घातला की उबदार लागायचा आणि कुबट वास यायचा. ती ऊब बुरशीची. असा पेंढा झटकला की धुरासारखी बारीक भुकटी उडते. कोंबडीच्या पिल्लांना ती छातीत जाऊन न्यूमोनियासारखा आजार होतो, माणसालाही दम लागतो. म्हणून पेंढा असो वा गवत, मी आता एकच परीक्षा करतो. मूठभर घेऊन उन्हात झटकायचं. भुकटी उडाली किंवा कुबट वास आला तर ते अंथरूण नव्हे, खत. पुराचं पाणी लागलेल्याला तर परीक्षाही नको. त्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हे पुरानंतर गावागावांतून सांगितलं जातं.

पातेऱ्याचीही सावधगिरी बाळगावी. गोठ्यात वाळक्या पानांचा पातेरा पसरायची आपली जुनी, चांगली रीत आहे. नंतर त्याचं खत होतं. पण डोंगरातून आणलेल्या पातेऱ्याच्या भाऱ्यात विंचू असतो, फुरसंही असतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं माणसं दगावत होती. प्राझोसिन हे औषध वापरून त्यांनी ते मृत्यू कसे रोखले, ते आता जगाला ठाऊक आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. औषध आलं म्हणून भाऱ्यात उघडा हात घालू नये. भारा अंगणात सोडावा, काठीनं पसरावा, दिवसभर ऊन द्यावं.

आता सापाकडे येतो. पुरानंतर आमच्या कपाटाखाली एक दिवड निघाली. बिनविषारी, पण चिडकी. ओळखीचा एक सर्पमित्र मुलगा आला, त्यानं ती सुती पिशवीत घेतली. बाहेर पाऊस थांबेना. सोडायला जायच्या आधी त्याला ती काही तास ठेवावी लागली. माझ्याकडे रंधा मारलेले लाकडाचे छिलके होते, ते मी मोठ्या उत्साहानं पुढे केले. तो म्हणाला, ‘‘नको चाचा, कोरडी पिशवीच बरी. डबा असता तर कागद घातला असता.’’

का, ते त्यानं मला पायरीवर बसून सांगितलं. साप जिभेनं वास घेतो. जीभ हवेतले आणि जमिनीवरचे कण उचलून टाळूतल्या एका इंद्रियापाशी नेते. उग्र वासाच्या लाकडावर ठेवलेला साप म्हणजे मिरचीच्या खळात झोपवलेला माणूस. शिवाय साप भक्ष्य अख्खं गिळतो, त्याबरोबर खालचा भुसा, तूस, वाळू तोंडात जाते. हिरडीत रुतते, पोटात साचते. आणि सापाचं पोट सतत जमिनीला टेकलेलं. खालचं अंथरूण ओलं राहिलं की पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, ते चिघळतात. गारुड्याच्या बंद पेटारीतल्या नागाच्या अंगावर पूर्वी अशा जखमा दिसत. आपण मात्र त्याच्यापुढे दुधाची वाटी धरून बसायचो.

आपल्याकडचा कोणताही रानातला साप, मग तो धामण असो की नाग, घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. घरात साप निघाला तर वनखात्याला किंवा सर्पमित्राला कळवायचं, डब्यात घालून मुलांना दाखवत बसायचं नाही. साप पाहायची हौस असेल तर पुण्याचं कात्रज फार लांब नाही. १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं तिथे सर्पोद्यान उभं राहिलं. मुंबईसारख्या शहरांतली काही तरुण मंडळी मात्र आफ्रिकेतला बॉल पायथनसारखे परदेशी साप पाळतात. मला ही हौस कळत नाही, पण ठेवलाच असेल तर कायदा माहीत हवा. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ साली नियम आले, आणि आंतरराष्ट्रीय करारातल्या अशा परदेशी प्राण्यांची सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची झाली. अशा सापाखाली कागद सर्वांत निर्धोक. दिसायला गरीब, पण घाण लगेच दिसते, ओल लगेच कळते. परदेशी पुस्तकांत अ‍ॅस्पेनचे छिलके सांगितलेले असतात. ते पॉपलरच्या जातीचं, वास नसलेलं लाकूड. नारळाच्या सोडणाचा भुसाही वापरतात. तो पाणी धरून ठेवतो. जिथे हवा कोरडी तिथे तो गुण. पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आमच्या भागात तोच दोष. विकत आणलेल्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते पुस्तक लिहिणाऱ्यानं महाडचा जुलै पाहिलेला नसतो.

राहिली साफसफाई. पिंजरा फिनेलनं धुऊ नये. त्यातली द्रव्यं सापांना आणि लहान प्राण्यांना बाधतात. साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग ऊन. पिंजऱ्यात डांबरगोळ्या तर कधीच नकोत. त्यांनी साप पळत नाहीत, घरातला प्राणी मात्र आजारी पडतो. अंथरूण बदलायची वेळ झाली का, हे ओळखायला आपलं नाक प्राण्याच्या नाकाच्या उंचीला न्यावं आणि एक श्वास घ्यावा. उभ्यानं काही कळत नाही. डोळे चुरचुरले तर उशीर झाला, असं समजावं.

उंदरांच्या बाबतीत एक गंमत आहे. त्यांचं सगळं अंथरूण एकदम बदललं तर ते बिथरतात, एकमेकांना चावतात. जुन्या घरट्यातलं मूठभर कोरडं साहित्य नव्यात ठेवलं की शांत होतात, कारण त्याला त्यांचा स्वतःचा वास असतो. हे मला कुणी पटवून द्यायला नको. पुरानंतर आम्ही घर घासून, धुऊन, चुना लावून स्वच्छ केलं, आणि पहिल्या रात्री घरातल्या कुणालाही झोप लागली नाही.

आमचा दुसरा ससा वाचला. भुसा काढल्यावर पंधरा दिवसांत त्याची शिंक थांबली. त्याच्यासाठी गवत आता पोलादपूरहून येतं. तिकडच्या उतारांवर दसऱ्यानंतर, पाऊस पुरता गेल्यावर गवत कापतात. ते दोन दिवस उन्हात उलटंसुलटं करून वाळवायचं, पेंड्या बांधायच्या आणि माळ्यावर, भिंतीपासून हातभर दूर रचायच्या, म्हणजे जून उजाडला तरी हिरवट वास राहतो. पावसाळ्यात कापलेलं गवत वाळता वाळत नाही, ते घेऊच नये. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी नात पिंजऱ्यापुढे पालथी पडते, जाळीला नाक लावते आणि आतून ओरडून सांगते, ‘‘नाना, आज कोपरा बदला.’’